पिन सुमनच्या मुठीत

ही गोष्ट सन १९९४ची. तेव्हा मी बावन्न वर्षांचा, चौथी नापास, आणि आख्ख्या पिंप्राळ्यात माझ्याइतका अडेल मेकॅनिक दुसरा नव्हता. सुमन, माझी बायको, गेली त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, वहिनींनी तुमचा संसार सांभाळला. मी खाली बघतो. तिनं माझा जीव सांभाळला, आणि मला त्याचीच लाज वाटायची... हे कुणाला सांगू?

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एकदा मी मिक्सर उघडून बसलो असताना कुणीतरी बटण दाबलं आणि मी भिंतीवर जाऊन आदळलो. त्या दिवसापासून मी काहीही उघडलं की सुमन त्याची पिन बोर्डातून काढून मुठीत धरून बसायची. माझे हात बाहेर येईपर्यंत सोडायची नाही. गिऱ्हाइकं विचारायची, 'काय भाऊ, मालकीणबाईंची परवानगी मिळाली का?' मीही हसायचो, आतून जळायचो.

मग फैजपूरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा मायक्रोवेव्ह बिघडला. तेव्हा आमच्याकडे हा प्रकार नवाच. ताट फिरे, दिवा लागे, घरघर मोठी, पण पाणी गारच्या गार. जळगावात कुणी हात लावेना. मी म्हटलं, मी लावतो. जमलं तर माझं नाव होणार होतं. सुमन म्हणाली, मी येते. नको म्हटलं तरी बसमध्ये येऊन बसली.

व्यापाऱ्याच्या ओसरीवर भाऊबंद, शेजारीपाजारी, सगळे जमलेले. सुमन उंबऱ्यावर, पिन मुठीत. 'आत बायकांत बस,' मी दात आवळून म्हणालो. हलली नाही. मी कव्हर काढलं आणि नाव कमावायच्या घाईत हात आत घालणार, तोच ती ओरडली, 'हात नका लावा! त्यामा आजून करंट शे!'

व्यापारी हसला. 'अहो वहिनी, पिन तर तुमच्याच हातात आहे!'

'बंद टीव्हीनी नही फेकं यासले?' तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मागे एकदा पिन काढलेल्या टीव्हीनंही मला असंच फेकलं होतं.

मला ते ठाऊक होतं. पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, आणि याच्यातला तर टीव्हीच्या बापाचा. ठाऊक असून विसरलो, ते चारचौघांत तिनं दाखवलं. मी प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर कपॅसिटरच्या दोन टोकांवर आडवा टेकवला. फट्ट! ठिणगी उडाली, ओसरीवरचे मागे सरकले. मग मीटर लावला. डायोडनं करंट एकाच बाजूनं सोडायचा असतो, हा दोन्हीकडून जाऊ देत होता. सोबत आणलेला नवा टाकला, दार घट्ट लागतंय ना ते पाहिलं, कव्हर बसवलं, कपभर पाणी आत ठेवलं आणि सुमनकडून पिन बोर्डात लावून घेतली. वाफ आली. पण व्यापारी सोडायला बाहेर आला तो तिलाच म्हणाला, 'वहिनी, पुढच्या वेळी तुम्हीच या. भाऊंना नाही आणलं तरी चालेल.' सगळे खो खो हसले. तीही हसली.

येताना बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागे बसलो. ती पार मागे होती, तिच्या शेजारची जागा रिकामी होती...

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून हिरवं कापड आणलं, दुकान आणि घर यांच्यामध्ये पडदा ठोकला. गिऱ्हाइकांना ती दिसायला नको म्हणून. मग टेबलावर एक मिक्सर उघडायला घेतला. ती त्याची पिन घेऊन पडद्यामागे गेली आणि तिथून म्हणाली, 'वायर पुरत नही.'

मी टेबल ओढून पडद्याला टेकवलं.