लटारूची तिसरी हाक

चिचटोल्यात लटारूएवढा भेणारा माणूस दुसरा नव्हता, आणि हे त्याच्या तोंडावर सांगायला गावात कोणी लाजत नव्हतं. चुलीत लाकूड तडकलं तरी तो दचकायचा. एसटीत बसला की उतरेपर्यंत दांडी सोडायचा नाही. पण बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायचे दिवस सुरू झाले की हाच माणूस तांबडं फुटायच्या आत, बायको आणि पोरगी मागं घालून, जंगलाच्या वाटेला सगळ्यांच्या पुढं.

भेत भेतच जायचा. का भ्यायचा, तेही गावाला माहीत होतं.

त्याचा मोठा भाऊ वारलू. भारी गमत्या. पत्ता तोडताना माणूस वाकलेला असतो, झुडपाआड असतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकानं "हूऽऽ" करून हाक द्यायची आणि दुसऱ्यानं तशीच ओ द्यायची, ही आमच्याकडची रीत. जंगलात माणसाला नाव घेऊन बोलावत नाहीत. वाघाचंही नाव घेत नाहीत, त्याला 'मोठा' म्हणतात. वारलूला ओ न देता लपून बसायची खोड होती. सगळे घाबरले की बाहेर येऊन दात काढायचा. एका उन्हाळ्यात लटारूनं हाक दिली, ओ आली नाही. दुसरी दिली, नाही. "बस लेका लपून," असं म्हणून लटारू पत्ता तोडत राहिला. कमरेची ओटी भरेपर्यंत तोडत राहिला. तोवर मोठ्यानं वारलूला नाल्यापर्यंत ओढत नेलं होतं.

तेव्हापासून लटारूच्या घरचा एकच कायदा. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही की हातातलं टाकून त्या बाजूला धावायचं. तोही कायदा त्यानं इतका पाळला की पाच-दहा पानं तुटली की एक हाक. गावाबाहेरच्या फळीवर, जिथं पुडे वाळत घालायचे, तिथं गावातला झिंगू त्याला रोज टोचायचा, "लटारूभाऊ, माहा कोंबडा बी दिवसातून इतक्या डाव आरवत नाई."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची पोरगी सत्यशीला नववी पास होऊन चंद्रपूरच्या वसतिगृहातून घरी आली होती. दुपारी मांडवात तिघंही पुडे बांधत बसायचे. पोरीच्या हाताची सवय वर्षभरात सुटली होती. सत्तर पानांचा पुडा तिच्या हातून ढिला पडायचा आणि रुखमा, तिची माय, तो सोडून पुन्हा बांधायची. "हे का बांधलं वो शीले? म्हशीच्या चाऱ्याचा भारा?" पोरगी हसायची. लटारू हसायचा नाही. दोघींकडं पाहायचा आणि मनात म्हणायचा, दोघी नजरेसमोर आहेत, तेवढे हे दिवस. पत्ता संपला की ही जाईल. आता दहावी, त्यानंतर पत्त्याला येते की नाही कोणास ठाऊक. चंद्रपुरात आपण हाक दिली तर ऐकणार कोण?

शेवटच्या दिवशी चांगला पत्ता थोडाच उरला होता, म्हणून तिघं जरा पांगले. रुखमा टेकडीच्या अंगानं, पोरगी नाल्याकडं. उन्हं वर आली. लटारूनं हाक दिली. रुखमाची ओ आली. पोरीची नाही.

दुसरी हाक दिली. पुन्हा रुखमाचीच ओ.

तिसरी देताना आवाज फाटला. नाल्याकडून काहीच नाही. पाखरूही बोललं नाही.

लटारूनं ओटी सोडली, पत्ता पायाशी सांडला. तो धावला. पाय धावत होते आणि धोतरात मूत उतरत होतं. हे पुढं त्यानंच फळीवर सगळ्यांना सांगितलं.

नाल्याच्या पल्याडच्या काठावर पोरगी उभी होती. ताठ. पत्त्याचं गाठोडं दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेलं. बापाला पाहताच तिनं एक हात हळूच खाली घेतला आणि पंजा दाखवला. येऊ नका. मग डोळ्यांनी खाली पाहिलं. लटारूपासून वीस हातांवर, जांभळीखालच्या ओल्या रेतीत मोठा पसरला होता. मान वर. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

किती वेळ गेला, दोघांनाही सांगता यायचं नाही. मग टेकडीवरून रुखमा बोंबलत, दगडानं पाण्याचा डबा बडवत उतरली. मोठा उठला, कंटाळल्यासारखा अंग झटकून बांबूत शिरला.

लटारूनं नाला ओलांडला आणि पहिल्यांदा पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "ओ काऊन नाई देली?"

"ओ देली असती तं तुमी आवाजाच्या अंदाजानं सरळ त्याच्या आंगावर आले असते, बा."

"अन नाई देली तं का झालं? आलोच नं!"

"मले वाटलं, तुमी भेता. येनार नाई."

"घ्या," रुखमा धापा टाकत म्हणाली, "गाव म्हनतच होतं, आता पोरगी बी म्हनून राह्यली."

त्या दिवसापासून लटारूचा घास उतरेना. वाघाचं भेव जुनं होतं, ते अंगवळणी पडलं होतं. हे नवं होतं. पोरगी संकटात सापडली की आपल्याला वाचवायला गप्प बसते. तो रुखमाला म्हणाला, "नोको पाठवू तिले."

"घरी ठिवून का करता? उद्या लगीन झालं का सासरच्या दारात उभं राहून हाका मारसाल?"

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तो पोरीला मोटारीवर बसवायला गेला. तिच्या हातात कोरी पोस्टकार्डं दिली. "दर सोमवारी एक टाकजो. तीन सोमवार नाई आलं तं मी निंगतो."

"एसटीत बसून?"

"दांडी धरून."

पहिलं कार्ड भरून आलं. डाळीत पाणी, नव्या गुरुजींचा चष्मा, शेजारणीचं घोरणं. दुसरंही तसंच. तिसरं आलं तेव्हा धानाची रोपं लावायचा रोवणा चालू होता. लटारू दुसरी शिकलेला. बांधावर बसून, चिखलाचं बोट ठेवत ठेवत त्यानं वाचलं. "मी खुशाल आहे. तुम्ही येऊ नका."

"खुशाल लिवलं हाये नं?" रुखमा बांधीतल्या चिखलातूनच म्हणाली.

"कार्ड आलं तं मी कायले जाईन? मंग येऊ नका काऊन लिवलं?"

रुखमा सरळ झाली. हातातली रोपं तशीच गळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वसतिगृहात पोचला. पोरगी कांबळ्यात गुरफटून पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे.

"तुमाले लिवलं होतं नं बा, येऊ नका म्हनून. रोवण्याचे दिवस."

"लिवलं होतं." मोटारीत दांडी धरून आखडलेली बोटं त्यानं मोकळी केली. खाली वाकून तो खाटेखाली पाहू लागला. "म्हनून तं आलो. ऊठ. तुह्या चपला कुठी हायेत?"