उष्टा ग्लास

"लवकर या, हे बोलेनात," एवढंच शालिनीवहिनी फोनवर म्हणाल्या. गोकुळ रोडवरच्या माझ्या वर्कशॉपात नुकताच दुपारचा चहा आला होता, तो तसाच ठेवून निघालो. केशवापूरला पोचेपर्यंत मनाशी म्हणत होतो, दत्ताअण्णा मुळात फार बोलणारा माणूस नाही, जेवल्यावर तर नाहीच, वहिनी उगाच घाबरल्या असतील... अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. मान किंचित पुढे, भुवया वर गेलेल्या. कुठला तरी वास ओळखायला बसावं, तसे. तो चेहरा मी इतक्या शनिवारी समोरून पाहिला होता की ते गेले असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही मला खरं वाटेना.

अण्णा मिरचीचे व्यापारी. घराणं मूळचं निपाणीकडचं, पण हुबळीत पिढ्या गेल्या. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि राग आला की दोन्ही. ब्याडगीची गोणी उघडली की मूठभर मिरच्या घ्यायच्या, त्यातली एक मोडून नाकाशी धरायची आणि माल नीट वाळलाय की वजनासाठी पाणी मारलंय ते सांगून मोकळं व्हायचं. त्यांच्या गोदामात पाऊल टाकलं की आम्ही शिंकून बेजार, आणि हे बागेत फिरावं तसे फिरणार! अशा नाकाला स्कॉचचा नाद लागला तो पन्नाशीत, पुतण्यानं परदेशातून आणलेल्या बाटलीमुळे. शनिवारी संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत बैठक. बैठक म्हणजे ते आणि मी. तिसऱ्याला बोलावलं की गप्पा होतात, वास राहून जातात, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या शनिवारी मी लग्नाच्या पार्टीत करतात तसं ग्लासात बर्फ टाकला आणि सोड्याची बाटली उचलली. अण्णांनी माझं मनगटच धरलं. "निधान रे मारायाऽ, निधान! जरा सावकाश! धारवाडचा पेढा चहात बुडवून खातोस काय?" मग शिकवणी सुरू झाली. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. नाक आत खुपसायचं नाही, नुसतं जवळ न्यायचं, तोंड जरासं उघडं ठेवायचं. थोडा वेळ गेला की चमच्यानं चार थेंब पाणी. "आता बघ, दार उघडतंय," ते म्हणायचे. तिकडे, स्कॉचच्या मुलखात, दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर जव वाळवतात, मग दारू वर्षानुवर्षं लाकडी पिंपात निजून राहते, आणि पिंपात आधी काय होतं त्यावरही तिचा वास ठरतो. हे त्यांना अगदी घरचं वाटे. "मिरचीचं वेगळं काय आहे? कुणाच्या खळ्यावर वाळली, कुठल्या गोणीत राहिली, सगळं लक्षात ठेवती ती." दुसरा ग्लास त्यांनी कधी घेतला नाही. दुसरा नाकाला कळत नाही, म्हणायचे. मला तर पहिलाही कळत नव्हता. मी त्यांची संगत प्यायला जात होतो, हेच खरं.

घरात यावरून भांडण होतं, पण ते पिण्यावरून नव्हे. अण्णांना ग्लास न धुता रात्रभर तसाच ठेवायचा असे. वाळलेल्या ग्लासात रविवारी सकाळी जो वास उरतो तीच खरी ओळख, आदल्या दिवशीचा नुसता रुबाब, असा त्यांचा सिद्धांत. आणि वहिनींच्या घरात उष्टं भांडं रात्री राहणार नाही, लक्ष्मी पाठ फिरवते, हा सासूबाईंपासूनचा नियम. वहिनींनी दारूला कधी नाव ठेवलं नाही, उष्ट्याला मात्र त्या कधी बधल्या नाहीत. अण्णांनी ग्लास पुस्तकांमागे लपवला, कुंडीत ठेवला, एकदा तर इस्त्रीच्या कपड्यांत गुंडाळला. सकाळी तो स्वयंपाकघरात लखलखीत पालथा घातलेला सापडायचा. "चाळीस वर्षं संसार केला, पण या बाईनं एक ग्लास वाळू दिला नाही," असं ते मला ऐकवायचे. अर्थात वहिनी जिन्यात आहेत याची खात्री करूनच.

मग एका तापानंतर अण्णांना वास येईनासा झाला. येईल हळूहळू, म्हणून डॉक्टरांनी धीर दिला, पण तो आलाच नाही. त्यांनी दुकानात जाणं सोडलं. मिरची नाकाशी धरायची आणि गप्प बसायचं, हे त्यांना लोकांसमोर सोसेना. शनिवारी मात्र वर आले. एक घोट घेतला आणि म्हणाले, "गरम पाणी पितोय बघ." मग त्यांनी आपला ग्लास माझ्याकडे सरकवला. "तू हुंग. मला सांग. पण एक... खोटं सांगायचं न्हाई. न्हाई आला वास, तर न्हाई म्हणायचं."

मी हुंगलं आणि म्हणालो, "चांगला आहे." अण्णा भडकले. "चांगला हा काय वास झाला? तोंड उघड, शांत बस, आणि कशासारखं ते सांग!" वंगणाच्या वासात आयुष्य काढलेला मी, पण त्या दिवसापासून खरंच कामाला लागलो. ओलं गोणपाट, म्हणालो. मनुका. दवाखान्यातला कापूस. विझत आलेली गोवरी. एकेक शब्द ऐकून अण्णा डोळे मिटायचे, भुवया वर जायच्या, आणि कधी कधी हळूच म्हणायचे, "हां... सापडला." एकदा मला पडसं होतं. काहीच येत नाही, असं सांगून टाकलं. त्यावर ते इतके खूश झाले, की खाली हाक मारून वहिनींना माझ्यासाठी आल्याचा काढा करायला सांगितला. स्कॉच मला त्यांनी नाक असताना नाही, नाक गेल्यावर शिकवली.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. काही आठवड्यांनी वहिनींचा निरोप आला, शनिवारी या. मला वाटलं, बाटल्यांचं काय करायचं ते विचारायचं असेल. त्या माझ्यापुढे जिना चढल्या. आजवर बैठकीच्या वेळी त्यांना त्या खोलीत आलेलं मी पाहिलं नव्हतं. आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावर अण्णांचा ग्लास होता, तळाशी वाळलेलं पिवळसर कडं. शेवटच्या शनिवारचा... धुतला नव्हता. खोली झाडलेली, पुसलेली, पुस्तकांवर कुठे धूळ नाही, आणि मधोमध तो उष्टा ग्लास.

"ह्यांनी पुस्तकांमागे लपवला होता, परवा सापडला. मला यातलं काही कळत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बघा. आहे का अजून?"

मी बसलो. ग्लास जवळ नेला, तोंड जरासं उघडं ठेवलं, डोळे मिटले. बराच वेळ थांबलो. धूर नव्हता, मनुका नव्हती. नुसती काच होती. हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्या खुर्चीसमोर खोटं बोलण्याची माझी छाती झाली नाही.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "गेला."

त्यांनी माझ्या हातातून ग्लास घेतला. मला वाटलं, आता खाली नेऊन धुतील. त्यांनी तो पदराचा स्पर्शही न होऊ देता पुन्हा स्टुलावर, होता त्याच जागी ठेवला.

"तुम्हाला पडसं झालंय," त्या म्हणाल्या. "काढा करते. पुढच्या शनिवारी परत बघा."