तीन नंबर शेडमधली कॉर्डाइट

लढाईच्या काळात माझी पोस्टिंग घराजवळच लागली, नंदुरबार स्टेशनबाहेरच्या ॲम्युनिशन डेपोत. मी हुद्द्यानं नाईक, गाव कळसाडी. आघाडीवर जायला मिळालं नाही म्हणून दोन महिने मी सगळ्यांवर खेकसत होतो. डेपोत तोफेची दारू यायची. कॉर्डाइट म्हणतात तिला: शेवयांसारख्या तपकिरी काड्या, आतून पत्रा मारलेल्या लाकडी पेट्यांत. ती पेटायला ठिणगी लागतेच असं नाही. जुनी झाली की उष्णतेनं आतून कुजते, कुजताना आणखी तापते आणि शेवटी आपली आपण पेट घेते.

शेडचे नियम साधे होते. पायात खिळ्यांचे बूट नाहीत, खिशात काडेपेटी नाही, दर चार तासांनी थर्मामीटरची नोंद. आणि हवा खेळून उष्णता निघून जावी म्हणून पेट्यांच्या दोन रांगांमध्ये हातभर जागा. हा शेवटचा नियम मी मोडला. वैशाखात एक जुना लॉट आला आणि ठेवायला जागा नव्हती. आम्ही कपाशीच्या मुलखातले. जिनिंगमध्ये गाठी कशा ठासून रचतात ते पाहत मोठे झालेलो. मी रांगा एकमेकींना भिडवल्या. सुभेदारसाहेबांनी पाठ थोपटली आणि मी फुगलो.

चौथ्या दिवशी १४२० वाजता लान्स नाईक भिका दारातून ओरडला. हा सारंगखेड्याचा, घोड्यांच्या बाजारात वाढलेला, जिभेला लगाम नाही.

"दादा, मजार आंबट वास यी ऱ्हायना."

"थर्मामीटर काय सांगस?"

"तो दारवर टांगेल शे. त्याले मजारनं काय कयस?"

दारावरच्या थर्मामीटरला आतलं खरंच कळत नव्हतं. आत गेलो तर आंबट वास येत होता. पेट्यांच्या थप्पीतून लालसर धुराची रेघ वर येत होती.  शेजारच्या शेडमध्ये तोफगोळे, त्यापलीकडे रेल्वेलाइन आणि लाइनीपलीकडे वस्ती. मी स्टेशनला फोन लावला.

"शेड तीन. लाल धूर. गाडी बाहेरच थांबवा. वस्ती रिकामी करा."

"समजलं."

तोवर सुभेदारसाहेब धावत आले. "दरवाज़ा बंद करो! छत पर पानी!"

"साहब, बंद नहीं. खोलना पड़ेगा."

"किसने कहा?"

"सरकी ने, साहब."

आमच्याकडे सरकीचा ढीग आतून तापतो. झाकला की गेलाच. त्यात सळई खुपसायची, थोडं थांबायचं आणि सळई जिथे चटका देईल तिथे ढीग फोडायचा. एवढं मी घाईत सांगितलं आणि साहेब म्हणाले, "खोलो."

शेडमध्ये लोखंड चालत नाही, म्हणून ऑफिसच्या पडद्याची पितळी सळई उपसून आणली. आठ जण अनवाणी साखळी करून उभे राहिले. पेट्या हातोहात बाहेर जाऊ लागल्या. सळई घालायला मला फट सापडेना, कारण फट मीच ठेवली नव्हती. स्वतःला शिव्या घालत एकेक थर उतरवला. १४४५ वाजता भिंतीकडच्या तळाच्या रांगेत सळईनं तळवा भाजला. तीच पेटी!

मी वाकलो, तर भिका ओलं गोणपाट घेऊन मध्ये घुसला. "सरक दादा. तुन्हं पोट मोठं शे, तुले पयता येवाव नही."

आणि पेटी छातीशी धरून तो पळाला. शंभर पावलांवर पाण्याचा खड्डा होता. लाल धूर सरळ त्याच्या तोंडावर येत होता. काठावरून त्यानं पेटी फेकली आणि जमिनीवर आडवा झाला. पेटी पाण्याला टेकते न टेकते तोच झाकण उडालं आणि ताडाएवढी ज्वाळा फुर्रकन वर गेली. स्फोट झाला नाही. उघड्यावर कॉर्डाइट नुसती जळते; बंद शेडमध्ये तिनं आम्हाला, गाडीला आणि वस्तीला सोडलं नसतं.

१५०५ वाजता शेड थंड होती. आम्ही वेड्यासारखे ओरडलो, नाचलो, भिकाला खांद्यावर घेऊन डेपोभर फिरवला. डेपोच्या कॅप्टनसाहेबांनी त्या उघड्याबंब, काळ्याठिक्कर गड्याला आधी सॅल्यूट केला. सुभेदारसाहेब मला म्हणाले, "तेरी सरकी को भी सलाम." संध्याकाळी भिकानं तीन भाकरी हाणल्या आणि चौथी मागितली. असा आनंद मला नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.

सकाळी तो खोकू लागला. दुपारी ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाले, हा धूर छातीत उशिरा काम करतो. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो. १६४० वाजता भिका गेला. वस्तीतलं एक झोपडंही जळलं नव्हतं. चौकशीत मी रांगांचं खरं सांगितलं. माझी नाइकाची फीत उतरवली गेली, ते योग्यच झालं.

सारंगखेड्याला मी स्वतः गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. सांगता सांगता मलाच रडू फुटलं.  माउलीनं विचारलं, "त्यानी पेटी टाकी का नही?"

"टाकी, माय. वस्तीना सम्दा लोक वाचनात."

"मंग रडू नको. जेवीसन जाय."

तिनं ताट वाढलं. मी तिच्यासमोर बसून जेवलो.