बिननावाचा अर्ज

सिडकोत आमच्या शेजारची पोरगी सहवैमानिक आहे. घरीसुद्धा ती रेडिओवर बोलल्यासारखी, एकेक शब्द सुटा बोलते. तिच्या कंपनीनं तात्पुरते म्हणून आणलेल्या परदेशी कॅप्टनांची मुदत दरवर्षी वाढत गेली आणि हिची बढती अडली. मागच्या सुट्टीत तिनं सरकारला लिहिलेला अर्ज मला वाचायला दिला.

“त्यांना काढा असं नाय म्हणत, काका. पण त्यांचे वैमानिक इथं विमानं उडवतात, तर आमच्यांनाही त्यांच्या देशात उडवू द्या.”

“नाव नको टाकूस. नोकरी जाईल.”

“बिननावाचा अर्ज कोण वाचतंय?” म्हणत तिनं माझ्यासमोरच सही केली.

अर्ज सरकारकडं गेल्यावर कंपनीनं तिला बोलावून तो मागं घ्यायला सांगितलं. तिनं दुसरा लिहिला. त्यावर तिच्या सहीखाली आणखी अकरा सहवैमानिकांच्या सह्या आहेत.