पाठीमागचा हात

रविवारी दुपारी धुळ्याहून सामना खेळून परत येताना पारोळ्याजवळ मुलींची जीप उलटली. मुलींना खरचटलं. अक्काचा उजवा हात मनगटात मोडला.

अक्का म्हणजे माझी बायको. जळगावात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या सगळ्या मुली तिला अक्का म्हणत, आणि हळूहळू मीही म्हणू लागलो. नवऱ्यानं बायकोला अक्का म्हणणं बरं दिसत नाही, असं शेजारच्या आबांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलंही होतं. पण ती मला त्या नावाशिवाय आठवतच नाही.

तिचा उजवा हात कायम पाठीमागे असे. रिक्षाची वाट बघताना, भाजी घेताना, देवळात उभी असतानाही. ती कॅचर होती. बॅटवाल्या मुलीच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरनं टाकलेला चेंडू डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये घ्यायचा. तोवर उघडा उजवा हात पाठीमागे ठेवायचा, कारण तो फेकायचा हात. त्याला लागलं की खेळ संपला. शाळेत असताना लागलेली ही सवय मैदानाबाहेरही तिच्याबरोबर चालत आली. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचा उजवा हात नाही.

मी धुळ्याचा, नोकरी जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. तिला बघायला गेलो तेव्हा माझी मावशी बरोबर होती. मावशीनं तिची उंची पाहिली, शिक्षण विचारलं, आणि मग तिची नजर त्या हातावर अडकली.

"पोरी, बठ्ठं चांगलं शे, पन तो हात मांगे काबर शे? दखाड बरं."

"फेकायचा हात आहे मावशी. चेंडू लागू नये म्हणून मागे ठेवते."

"आठे कोन चेंडू फेकी ऱ्हायनं व माय?"

सगळे हसले. तीही हसली आणि तिनं हात पुढे केला. करंगळी थोडी वाकडी होती, बाकी हात धड होता. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "लग्नानंतरही मी खेळणार. चालेल?" मी हो म्हणालो. सॉफ्टबॉल म्हणजे काय हे मला दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात शोधावं लागलं.

हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन बसत असे. जवळच्या जिनिंग गिरणीतून सुटलेला कापूस हवेत तरंगत यायचा. उतरत्या उन्हात त्याचे पुंजके इतके सावकाश खाली येत, की मैदानावर वेळच थांबला आहे असं वाटे. त्या थांबलेल्या वेळात एकच गोष्ट वेगानं घडायची. पहिल्या बेसवरची मुलगी दुसऱ्याकडे पळत सुटे, अक्काचा हात पाठीमागून निघे, आणि चेंडू पिचरच्या डोक्यावरून सरळ दुसऱ्या बेसवर जाई, ती मुलगी पोचायच्या आधी. कापसाचा पुंजका अजून हवेतच असे. या एका फेकीवर ती अनेक वर्षं महाराष्ट्राकडून खेळली. खेळाचे पैसे कधी मिळाले नाहीत. कचेरीतून बिनपगारी रजा घेऊन जायची आणि परतल्यावर साहेबांचं तोंड बघायचं, एवढंच. "साहेबांना एकदा कॅचरच्या जागी बसवायला पाहिजे," ती म्हणे, "गुडघे धरून उठताना रजा आपोआप मंजूर करतील."

अपघाताच्या दिवशी दवाखान्यात मला सगळ्यात आधी नसीम दिसली. ती संघाची पिचर, अक्काची सगळ्यात लाडकी. जीपच्या मागच्या उघड्या बाजूला बसली होती. ती रडत म्हणाली, "सर, मी बाहेर फेकली जात होते. अक्कांनी मला फेकायच्या हातानं धरलं."

अक्का खाटेवरून म्हणाली, "ग्लोव्ह पिशवीत होता गं. दुसरं काय करणार?"

हाड जुळलं, पण मनगट वळेना. चेंडू हातातून सुटे आणि पायाशी पडे. तिनं मैदानावर जाणं बंद केलं. मुली दारात येत, ती बरं नाही म्हणून सांगे. हात अजूनही पाठीमागेच असे, पण आता पदराखाली. मी वाचत बसे आणि पान उलटत नसे.

मग धुळ्याहून मावशी आली. दोन दिवस तिनं नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "तवय तू हात लपाडत नव्हती व माय. आते लपाडी ऱ्हायनी."

संध्याकाळी अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, पुस्तक ठेवा. मला धरता येतं. फेकायचं तुम्ही."

त्या संध्याकाळपासून ती मैदानावर पूर्वीसारखी बसू लागली आणि मी तिच्या उजव्या खांद्यामागे उभा राहू लागलो. नसीम चेंडू टाके, अक्का तो डाव्या हातात घेई, मी ग्लोव्हमधून काढून परत फेकी. चेंडू पोचत नसे. "सर, अर्ध्यातच पडला!" नसीम ओरडे आणि मुली हसत. अक्का मान न वळवता म्हणे, "ते पुस्तक नाही, इतकं हळू दिलं तर चालत नाही." अशी काही वर्षं गेली. तिच्या हाताखालून मुली राज्याच्या संघात गेल्या. नसीमही गेली. मला ती वर्षं एकाच लांब संध्याकाळसारखी आठवतात, कापूस तरंगत असलेल्या.

शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. दवाखान्यात मी तिचा उजवा हात हातात घेऊन बसलो होतो. तो मागे ठेवायचा आहे का, असं मी विचारलं.

"राहू द्या पुढे," ती म्हणाली. "आता कुठला चेंडू येत नाही."

नसीम आता मुलींना शिकवते. संध्याकाळी मी मैदानावर जातो. चेंडू माझ्याकडे आला की परत फेकतो. तो पिचरपर्यंत पोचतो.