सातवं मत

नगरपालिकेला उभं राहायचं आकाराम फडतऱ्यानं ठरवलं, ते बायकोच्या मोडल्या पायामुळे. सहा नंबर वॉर्डात नळ एकच, आणि त्याला पाणी दिवसाआड. मधल्या दिवशी बायका लांबच्या विहिरीवर जात. त्या विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून शालूबाई भरल्या घागरीसकट घसरली आणि दोन महिने अंथरुणावर पडून राहिली.

आकाराम फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. अर्ज लिहून तो लालासाहेबांकडे गेला. लालासाहेब त्या वॉर्डाचे दोन वेळचे मेंबर. त्यांच्या परसात स्वतःचा नळ होता आणि तो वाहत होता.

"हवालदार," लालासाहेब अर्ज न उघडताच म्हणाले, "हितं काय मिलिटरी न्हाई, सलाम ठोकला की काम झालं. नळ पायजे ना? मग निवडून या, आन् बसवा."

ओसरीवरची माणसं हसली. लालासाहेबांना ती चेष्टा वाटली. आकारामनं ती मनावर घेतली.

हे गाव कडेगिरी, वडूजच्या पुढं, विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. गाव लहान, पाऊस त्याहून लहान. पण जुन्या बाजारपेठेमुळं त्याला नगरपालिका होती. १९७४ च्या नोव्हेंबरात निवडणूक लागली. लालासाहेबांना निशाणी छत्री मिळाली, आकारामला शिडी.

"शिडी!" लालासाहेबांचा उजवा हात असलेला भाऊसो चौकात मोठ्यानं म्हणाला. "चढशील रं आकाराम, पर खालनं धरायला कोन हाय?"

खरंच कोण होतं? पंधरा दिवस घरोघर हिंडल्यावर आकारामनं भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. वॉर्डात मतं साडेसहाशेच्या आत-बाहेर. अर्ध्याला थोडी कमी लालासाहेबांची, तिसरा हिस्सा त्याची. उरली धनगर आळी. आळीचा कौल जिकडं, तिकडं खुर्ची.

आळीची रीत वेगळी होती. तिथं तोंडी शब्दाला किंमत नव्हती. बिरोबाच्या देवळात घरच्या वडील माणसानं तळहातावर भंडारा घ्यायचा, घरात मतं किती ते आकड्यानं बोलायचं, आणि कुणाला देणार ते सांगायचं. एकदा भंडारा उचलला की ते घर कुणाला फोडता येत नसे. बोललेला आकडा भरला नाही, तर देवाचा कोप बोलणाऱ्यावर. म्हणून पोरंसोरं विट्या-कऱ्हाडला कामाला असली तरी मतदानाला घरी येत.

आळीत मान बनुबाई पुकळेचा. साठीची, काटक, कुणाचं ऐकून न घेणारी. ती पुढं झाली की बाकीची घरं मागोमाग यायची. ती आकारामच्या बाजूची होती आणि त्याचं कारण होतं तिचा मधला मुलगा अर्जुना. अर्जुना आकारामच्याच पलटणीत होता. एकाहत्तर सालच्या लढाईत पूर्वेकडं गेला, तो आला नाही. सरकारी कागदात लिहिलं होतं : बेपत्ता.

लढाई संपून आकाराम घरी आला, त्या दिवशी बनुबाई त्याच्या दारात येऊन बसली होती.

"तू हुतास न्हवं रं त्याच्या संगं?"

"हुतो मावशी."

"मग?"

"मला दिसला न्हाई."

दिसला होता. पहाटे नदी ओलांडताना होडी कलंडली, आणि काठापासून वीस हातांवर अर्जुनाचं डोकं दोनदा वर आलेलं आकारामनं पाहिलं होतं. तिसऱ्यांदा ते वर आलं नाही. हे एका आईला कसं सांगायचं, ते त्याला त्या दिवशी सुचलं नाही. उद्या सांगू म्हणाला. मग दिवाळी झाल्यावर. मग तिचा धाकटा सणाला येऊन गेल्यावर. न सांगितलेली गोष्ट जुनी होत गेली की जीभ आणखी जड होते. तीन वर्षं गेली. बनुबाई भेटली की म्हणायची, "तू न्हाई बघितलास न्हवं पडताना? मग झालं. हाय त्यो कुटंतरी."

देवळात आळी जमली. बनुबाईनं भंडारा कपाळाला लावला, मूठभर तळहातावर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या घरची सात मतं शिडीला!"

आकारामचा हिशेब सहाचा होता. बनुबाई, दीर, जाऊ, थोरला मुलगा, सून, पुतण्या.

"सात?" त्याच्या तोंडून गेलं.

"व्हय, सात! अर्जुनाचं नाव यादीत हाय का न्हाई?"

"हाय."

"मग? तवर आला तर त्योच टाकील की. तुला मत देन्यासाटी तरी यील."

आळी आकारामकडं बघत होती. सहाच म्हणा, एवढं म्हणायला हवं होतं. पण सहा का, ते मग सांगावं लागलं असतं. आणि मागं वीस घरं भंडाऱ्यासाठी हात पसरून उभी होती. आकाराम म्हणाला, "बरं. सात."

आयुष्यात पुढं कुणीही त्याला त्याची चूक विचारली असती, तर त्यानं नदी सांगितली नसती. त्यानं हा 'सात' सांगितला असता.

मतदान रविवारी, मराठी शाळेत. बायकांची रांग खिडकीच्या बाजूनं, पुरुषांची दारातून. आत अधिकारी यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचा, समोरचा होकार द्यायचा, बोटाला शाई लागायची. दुपारी दोनच्या सुमारास बनुबाई खिडकीखाली उभी होती. आतून आवाज आला, "अर्जुना सिदू पुकळे."

आणि उत्तर आलं, "व्हय जी. मीच."

बनुबाईनं भिंत धरली. तो आवाज तिच्या पोराचा होता. रांग मोडून, बायकांना ढकलत ती वळसा घालून दारापर्यंत पोचली, तेव्हा दारात दुसरीच माणसं होती. भाऊसो तेवढा आत लालासाहेबांचा प्रतिनिधी म्हणून बाकावर बसला होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"भाऊसो, कोन हुतं रं?"

"म्हातारे," भाऊसो पुटपुटला, "त्योच हुता. डोक्याला टावेल, खाली मान. पर त्योच. माझी वाचाच बसली बग."

हरकत घ्यायला बसलेल्या माणसानं भीतीनं हरकत घेतली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की पुकळ्याचा अर्जुना येऊन मत टाकून गेला.

आकारामला खरं त्याआधीच कळलं होतं. शाळेमागच्या बाभळीखाली टॉवेल सोडून एक जण त्याची वाट पाहत उभा होता. एक क्षण आकारामही जागीच थबकला. तेच कपाळ, तीच उभं राहण्याची ढब. मग तो बोलला. बनुबाईचा धाकटा, ज्ञानू. सहा वर्षांपूर्वी मिसरूड फुटायच्या आत उंब्रजला लाकडाच्या वखारीत गेलेला. तिथल्याच यादीत नाव. मोठेपणी भावासारखाच निघाला होता.

"नाना, आयनं सांगावा धाडला हुता, सातांचा भंडारा उचललाय म्हनून," ज्ञानू म्हणाला. "सहाच पडली आसती तर? देव तिला सोडंल का? म्हनून मी... कुनाला सांगू नगा. घरी बी गेलो न्हाई मी. आता गाडी धरतो."

"ज्ञानू, आरं ती बाहेर हुती. तिनं ऐकलं."

ज्ञानूचं तोंड उतरलं. पण आईसमोर जायचं धैर्य त्याला झालं नाही. तिनं धाकट्याला इतक्या वर्षांत पाहिलं होतं ते सणावारी, भाकरी खाऊन परत पळणारं पोरगं म्हणून. त्याचा आवाज कधी फुटला, हे तिला नीट ठाऊकही नव्हतं.

मोजणी झाली. शिडी तीनशे बारा. छत्री तीनशे अकरा.

गुलाल उडाला. आकारामला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत बनुबाई होती. तिनं त्याच्या पायाला हात लावायला वाकून म्हटलं, "तुज्यापायी आला रं त्यो." आकाराम दोन पावलं मागं सरला. लोकांना वाटलं, मान दिला.

दुसऱ्या दिवसापासून बनुबाई एस.टी. स्टँडवर बसू लागली. पोरगं गावापर्यंत आलं, मग घरी का आलं नाही, याचं उत्तर तिनं स्वतःच शोधलं होतं : काहीतरी गुन्हा झाला असेल फौजेत, लपून राहत असेल. वडूजची गाडी, विट्याची गाडी, कऱ्हाडची गाडी. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं ती पाही. मेंढरं सुनेवर टाकली. थोरल्या मुलानं हात धरून नेलं, तर परत आली. गावही तिच्या नादी लागलं. कुणाला अर्जुना ओढ्यात तोंड धुताना दिसला. पानवाला म्हणाला, बिड्या घेऊन गेला. भाऊसोनं शाळेवरून जायचं सोडलं.

आकारामला मात्र तो दिसत नसे. त्याला तो नसलेला जाणवे. नगरपालिकेच्या पहिल्या सभेत कारकुनानं हजेरी घेतली. "आकाराम कोंडीबा फडतरे." "हजर." आणि पुढचं नाव उच्चारायच्या आधी कारकून चष्मा पुसायला थांबला. तेवढ्या शांततेत आकारामच्या अंगावर काटा आला. आता कारकून अर्जुनाचं नाव घेणार, आणि आपल्या शेजारून 'हजर' येणार, असं त्याला वाटलं. त्यानं शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं नाही. सभा संपेपर्यंत पाहिलं नाही. पुढच्या सभांनाही तो भिंतीकडंच्या खुर्चीत बसू लागला.

दुसऱ्या नळाचा ठराव जानेवारीत मंजूर झाला. शालूबाई लंगडत देवाला दिवा लावून आली. त्याच आठवड्यात लालासाहेब आकारामच्या ओट्यावर येऊन बसले. चेष्टा करायला नव्हे.

"म्या वकिलाला इचारलं," ते म्हणाले. "त्यो म्हनतो, त्यो पोरगा मेलाय ह्याचा पुरावा आना, इलेक्शन रद्द. फौज म्हनती बेपत्ता. बेपत्ता मानूस मत टाकायला यीना का? कायद्यानं यिऊ शकतो. म्हंजे मी हरलो." त्यांनी सुपारी कातरली. "साऱ्या गावात एकच मानूस त्या पोराच्या संगं हुता. त्यो म्हनला की 'मी मेलेला बघितला', तर गोष्ट येगळी. पर त्यो कशाला म्हनंल? त्यो मेंबर हाय."

"मला दिसला न्हाई," आकाराम म्हणाला.

"आसं," लालासाहेब उठले. "मग म्हातारी बसू दे की स्टँडावर. कवातरी यील."

लालासाहेब गेल्यावर शालूबाई दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "आवं," ती म्हणाली, "तुमी झोपंत कुनाला तरी 'थांब' म्हनता, ते कुनाला?"

आकाराम पायात चपला घालून बाहेर पडला. फेब्रुवारी तसाच गेला. मार्चमध्ये ऊन तापलं, आणि स्टँडवर बनुबाईला घेरी येऊन ती पडली. कंडक्टरनं पाणी मारून उठवलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं ते, गाडी गेली का.

सोमवारी सकाळी आकाराम पहिल्या गाडीनं वडूजला गेला. तहसील कचेरीत त्यानं कागदावर लिहून दिलं : शिपाई अर्जुना सिदू पुकळे हा डिसेंबर १९७१ मध्ये नदीत बुडून मेला, मी स्वतः पाहिलं. मत कुणी टाकलं याबद्दल त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. कारकुनानं कागद दोनदा वाचला. "तुम्ही निवडून आलेले ना? ह्यानं तुमची जागा जाईल, माहीत आहे?" आकारामनं सही केली.

तीनच्या गाडीनं तो परत आला. बनुबाई आपल्या जागी होती. उतरणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडं तिची नजर जाऊन परत येत होती. शेवटी आकाराम उतरला. तिनं त्याच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तो तिच्यापुढं खाली मातीत बसला.

"मावशी, मी खोटं बोललो. मला दिसला हुता. बुडताना. त्या दिशी शाळेत आला, त्यो ज्ञानू हुता. तुजा शबुद पाळाया आला हुता."

एक गाडी आली, माणसं उतरली. पहिल्यांदाच तिनं मान वर केली नाही.

"हाक मारली का त्यानं?"

"व्हय."

"मला?"

आकारामला इथं खोटं बोलता आलं असतं. "न्हाई मावशी. मला. 'नाना' म्हनला. दोन डाव."

"आन् तू?"

"मी काठावर हुतो. फुडं जायाचा हुकूम हुता. फुडं गेलो."

बनुबाईनं गुडघ्यावर हात ठेवले आणि उठली. त्याच्याकडं न बघता आळीच्या वाटेला लागली. तिच्या चालण्यात घाई नव्हती.

थोड्या वेळानं आळीतून रडण्याचा आवाज उठला. आधी एकटीचा, मग सुनेचा, जावेचा, मग घराघरांतून जमलेल्या बायांचा. तीन वर्षं कोंडलेलं रडणं दिवसाढवळ्या स्टँडपर्यंत ऐकू येत होतं. दुकानदार दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. आपल्याकडच्या बायका मेलेल्यावर रडतात तेव्हा नुसत्या रडत नाहीत. त्या बोलून रडतात. त्याचं लहानपण सांगतात, त्याचे गुण सांगतात, आणि ज्यानं घात केला त्याला नाव घेऊन बोल लावतात. आकाराम मातीतून उठला नाही. कान देऊन तो आपल्या नावाची वाट पाहत राहिला. बनुबाईनं देवाचं नाव घेतलं, सरकारचं घेतलं, त्या परमुलखातल्या नदीला शिव्या घातल्या.

दिवस मावळला. आकारामचं नाव आलं नाही.