पाठमोरी मुलगी

भिलाईतल्या क्वार्टरात आमच्या आधी सुमनकाकू राहायच्या. काका प्लांटमधून निवृत्त झाले आणि ते क्वार्टर मला मिळालं. किल्ली देताना काकूंनी माझ्या दोन वर्षांच्या मुलीची हनुवटी उचलली आणि कितीतरी वेळ तिचा चेहरा पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबू, मागच्या खोलीतली भिंत राहू देजो."

भिंतीवर केशरी झाड होतं, निळी शेळी होती आणि झोक्यावर हसणारी एक दात पडलेली मुलगी. पहिल्याच दिवाळीला मी घरभर चुना मारला. एक भिंत कुठे सोडायची!

ते दोघं दुर्गला राहायला गेले. सिविक सेंटरच्या बाजारात काकू कधीमधी भेटायच्या. घरी बोलावलं तर म्हणायच्या, "आपण राह्यलेल्या घरात दुसऱ्याचं सामान पाहवत नाही." पिशवीत मात्र नेहमी रंगांच्या बाटल्या. "रंग वापरले नाही तं वाळून जातेत," हे वर.

गेल्या वर्षी मुलीला घेऊन शहरातल्या कलादालनात गेलो. हॉलभर काकूंची चित्रं लागली होती. जांभळी तळी, पिवळीधमक शेतं, हिरवं आभाळ. प्रत्येक चित्रात एक लहान मुलगी, आणि प्रत्येक वेळी पाठमोरी. काकू कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या.

"काकू, हिचा चेहरा कावून नाही काढला?"

"आठवून नाही राहिला, बाबू. माही पोरगी होती. सात वर्षांची होती तवा तापानं गेली. फोटो एकच होता, तो ह्यांनी तिच्यासंगच ठेवून देला. चेहरा एकदाच बरोबर जमला, तुह्या घरच्या भिंतीवर. आता एक डाव येऊन पाहून घेईन म्हणते."

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या खरंच आल्या असत्या. मी सांगून टाकलं.

बराच वेळ त्या हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या.

"पहिल्याच दिवाळीले?"

"हो."

"मंग अकरा वर्सं मी उगीच निश्चिंत होती."

त्याच आठवड्यात मी भिंत ओली करून चुना खरडला. झाडाचा केशरी रंग निघाला, झोक्याची दोरी निघाली. चेहऱ्याच्या जागी मात्र चुन्याबरोबर खालचा रंगही पापुद्र्यासारखा हातात आला. दुर्गला जाऊन हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

थंडीत काकू गेल्या. तेराव्याला काका म्हणाले, "शेवटपर्यंत विचारत होती, बाबूनं चुना खरडून पाहिला असंल का म्हणून."

मी मान खाली घातली. खरडला होता, हे मी त्यांनाही सांगू शकलो नाही.